ती गव्हर्नरची हवेली नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत शाळांच्या सहलींवर अख्खं पान आलं. पान चांगलं आहे. बस कुठून ठरवावी, मुक्काम कुठं करावा, हे सगळं आमच्याकडच्या शाळांना उपयोगी पडेल. पण मधोमध जो मोठा फोटो छापलाय, त्याच्या खाली 'राणीच्या बागेतील इंग्रज गव्हर्नरची हवेली' अशी ओळ आहे. फोटो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाचा आहे. तिथं कुठलाच गव्हर्नर राहायला नव्हता. ती इमारत पहिल्या दगडापासून म्युझियम म्हणूनच उभी राहिली. मी तेहेतीस वर्षं साताऱ्यात चित्रकला शिकवली आणि त्या इमारतीचं चित्र माझ्या हाताखालच्या कितीतरी तुकड्यांकडून काढून घेतलं, त्यामुळे फोटो ओळखण्यात माझी चूक होणार नाही.

नुसती दुरुस्तीच कळवायची असती तर पोस्टकार्डावर चार ओळी टाकल्या असत्या. पण ही चूक तुमची एकट्याची नाही. आमच्या घरातही ती होती, म्हणून पत्र लांबलंय. काटछाट करायची ती करा, हत्तीचा भाग तेवढा राहू द्या.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, भायखळ्याच्या एका गिरणीत साच्यावर होते. गाव जावळी तालुक्यातलं. तेव्हा आमच्याकडं घरटी एक माणूस मुंबईला असायचाच. एकेका खोलीत गावचे पंधरा-पंधरा जण राहायचे, पाळीवरून आलेला झोपायचा, उठलेला कामावर जायचा, जेवण खानावळीत. बायका-पोरं गावी. आम्हाला मुंबई दिसायची ती मे महिन्यात, मावशीच्या चाळीतल्या खोलीत आठ दिवस. १९७० साली मी नऊ वर्षांची होते. तात्यांनी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्हा भावंडांना राणीच्या बागेत नेलं. डोक्याला टोपी, अंगात धुतलेला सदरा, हातात भाकरीचं फडकं.

वाघ झोपला होता, एवढंच वाघाबद्दल आठवतं. लक्षात राहिला तो दगडी हत्ती. म्युझियमच्या बाजूला हिरवळीवर काळ्या दगडाचा मोठा हत्ती आहे. त्याच्या अंगावर सांधे दिसतात, गोधडीला ठिगळं जोडावीत तसे. मी विचारलं, तात्या, ह्याला शिवलाय का? तात्या म्हणाले, "पोरी, ह्यो घारापुरीचा. साहेब त्याला इलायतेला न्यायला निगाला व्हता. यारी तुटली, हत्ती पडला, तुकडं झालं. मग काय करतो साहेब? ठेवला हितंच."

पुढं पंचवीसेक वर्षांनी मी नीट वाचलं तेव्हा कळलं, की तात्यांच्या सांगण्यात तारखा नव्हत्या, बाकी सगळं बरोबर होतं. १८६४ साली तो हत्ती इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना यारी, म्हणजे क्रेन, मोडली आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे ह्या बागेत आणून ठेवले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हणायला सुरुवात केली ती ह्याच हत्तीवरून. बेट तिकडं समुद्रात आणि त्याला नाव देणारा हत्ती इकडं भायखळ्यात. गिरणीत साचा चालवणाऱ्या माणसाला ही गोष्ट ठाऊक होती. कुणीतरी कुणाला सांगितली असणार, त्यानं खोलीत सांगितली असणार.

पण हत्तीच्या मागच्या इमारतीबद्दल विचारलं तर तात्या जरा घुटमळले. "त्यो अजबखाना. साहेबलोकांचा हाय." आत जाऊया म्हटलं तर म्हणाले, "आत पायताण घालून जाऊ देत्यात का न्हाई, ठावं न्हाई." मग आम्ही झाडाखाली बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि परत आलो. तात्या मुंबईत बावीस वर्षं होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, वर्षभर वाट पाहून ते गावी परतले आणि नंतर मुंबईला गेलेच नाहीत. त्या इमारतीच्या आत त्यांचं पाऊल पडलं नाही. तुमच्या फोटोखालची ओळ वाचली आणि मला पहिल्यांदा तेच आठवलं. साहेबलोकांचा अजबखाना काय आणि गव्हर्नरची हवेली काय, वाचणारा बाहेरच उभा राहतो.

आता ती इमारत कुणाची ते सांगते. १८५१ साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, त्यानंतर १८५५ ला पॅरिसला. त्या निमित्तानं मुंबईत कारागिरीच्या वस्तू गोळा झाल्या आणि फोर्टातल्या टाऊन बराकीत म्युझियम सुरू झालं. १८५७ साली फौजेला बराकीची जागा हवी झाली, म्युझियमचं सामान बाहेर निघालं आणि त्यातलं बरंचसं वाया गेलं. पुढच्या वर्षी डॉ. जॉर्ज बर्डवूड, डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट अशी मंडळी पुढं झाली आणि नव्या म्युझियमसाठी आणि बागेसाठी शहरातून वर्गणी गोळा करायचं ठरलं. वर्गणी देणाऱ्यांत हिंदू, पारशी, ज्यू, सगळे होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. तुमच्या फोटोओळीत गव्हर्नर शिरला असेल तर तो इथूनच. पण कोनशिला बसवणाऱ्याची इमारत म्हणायची झाली तर आपल्याकडच्या सगळ्या शाळा आमदारांच्या हवेल्या होतील.

मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे चढलेले भाव १८६५ मध्ये कोसळले आणि मुंबईतले भलेभले बुडाले. त्याच वर्षी ३१ जुलैला नाना शंकरशेट वारले. काम रखडलं. उरलेला भार सरकारनं उचलला आणि २ मे १८७२ रोजी म्युझियम लोकांसाठी उघडलं. भाऊ दाजींना ते जेमतेम दोन वर्षं पाहायला मिळालं, १८७४ साली तेही गेले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, महारोगावर औषध शोधत राहिलेले, अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे. त्यांचं नाव इमारतीला लागलं ते १९७५ साली. तोवर ती 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' होती, म्हणजे तात्या तिला साहेबलोकांची म्हणाले त्यात त्यांचा तरी काय दोष? पाटीच तशी होती.

एक गोष्ट मात्र सातारकर म्हणून सांगायलाच हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ही वर्गणी व्हिक्टोरिया राणीच्या सन्मानार्थ होती. ८ सप्टेंबर १८५७ रोजी आपल्या गेंडामाळावर रंगो बापूजींच्या इंग्रजांविरुद्धच्या कटातल्या सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी देऊन, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या घालून. आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी मुंबईचे शेठ-पंडित राणीच्या नावानं म्युझियम काढायला बसले. हे वर्गात सांगताना माझा घास अडकायचा. आठवीच्या एका मुलीनं विचारलंही होतं, "बाई, मग ते आपल्या बाजूचे की त्यांच्या?" मी तिला म्हटलं, तू मोठी हो आणि मला सांग. तिनं अजून सांगितलेलं नाही. ती आता बँकेत आहे.

आता इमारतीच्या रूपाविषयी, कारण माझा विषय तोच. बाहेरून ती पॅलेडियन घाटाची आहे. पॅलेडिओ हा सोळाव्या शतकातला इटलीचा वास्तुकार. त्यानं रोममधल्या पडक्या देवळांची मापं घेतली आणि त्या मापांत आपल्या काळातली घरं बसवली. तिथून ते वळण इंग्लंडला गेलं आणि इंग्रजांबरोबर मुंबईत आलं. फोर्टातला टाऊन हॉल, १८३३ चा, तोही ग्रीक-रोमन घराण्यातलाच, पण तो जाडजूड खांबांचा आहे, पायऱ्या चढून गेलं की छाती दडपते. भायखळ्याची इमारत तशी नाही. ती झाडांत बसवलेली आहे. रस्त्यावरून एकदम दिसत नाही. कमानीच्या दरवाजातून आत शिरावं, डेव्हिड ससूनच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळून पुढं यावं, की फांद्यांच्या आडून एकसारख्या कमानींची रांग दिसायला लागते.

अशी इमारत मुलांना काढायला दिली की पट्टी घेऊन रडकुंडीला येतात. म्हणून मी एक युक्ती करायचे. कागद मधोमध दुमडायचा. दाराच्या मध्यापासून फक्त डावी बाजू मऊ पेन्सिलीनं, चांगली दाबून काढायची. मग कागद मिटायचा आणि चमच्याच्या पाठीनं घासायचा. उघडलं की उजवी बाजू पुसट उमटलेली, ती गिरवून घ्यायची. डावं आणि उजवं तंतोतंत जुळतं, ते ह्या घाटाचं मर्मच आहे, आणि ते व्याख्यानापेक्षा चमच्यानं लवकर कळतं. एकदा एका पोरानं डाव्या कठड्यावर कावळा काढला होता, घासल्यावर उजवीकडंही कावळा बसला. मी दोन्ही कावळे राहू दिले आणि त्याला दहापैकी नऊ दिले.

गंमत पुढं आहे. झाडं काढायची ती कागद उघडल्यावरच, असा माझा नियम होता. कारण झाडं डावी-उजवी जुळत नाहीत. राणीच्या बागेत तीन हजारांवर झाडं आहेत. हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच आहे, लालभडक झुंबरांसारखी फुलणारी उर्वशी आहे. ही बाग मुळात वनस्पतींची, प्राणी त्यात मागाहून आले, १८९० च्या सुमारास. इमारत पट्टीत बसते, झाड बसत नाही. भिंतीवर पडलेली पानांची सावली शेड करताना मुलं दमायची, पण तीच चित्रं चांगली व्हायची. नुसती इमारत काढलेली चित्रं लग्नाच्या हॉलसारखी दिसायची. २००७ च्या सुमारास बागेचा नवा आराखडा आला तेव्हा ह्या झाडांसाठी मुंबईतल्या काही बायका कित्येक वर्षं भांडल्या. त्या भांडल्या नसत्या तर तुमचा फोटो असा आलाच नसता, त्यात अर्धी जागा झाडांनीच व्यापली आहे.

मी स्वतः आत गेले ती १९९६ च्या सहलीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तेव्हा तिथं अवकळा आली होती, काचा धुरकट, उजेड कमी. तरीही ओतीव लोखंडाचे खांब आणि वर चौफेर फिरणारा सज्जा पाहून मी दारातच थांबले. बाहेर इतकं शिस्तीचं आणि आत इतकं नटवं! नंतर २००३ मध्ये महापालिका, जुना वारसा जपणारी इंटॅक संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार होऊन दुरुस्ती सुरू झाली. २००५ साली युनेस्कोनं त्या कामाला आशिया-पॅसिफिक विभागातला वरचा पुरस्कार दिला. जानेवारी २००८ मध्ये म्युझियम पुन्हा उघडलं. २००९ ला मी मुलांना घेऊन गेले तर जागा ओळखू येईना. छताची नक्षी, सोन्याचा वर्ख, पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या लाद्या. मध्यभागी राणीच्या नवऱ्याचा पांढरा पुतळा, ससूनांनी दिलेला, त्यावर हिब्रू अक्षरं. मुलांना मात्र आवडल्या त्या मातीच्या छोट्या मूर्ती, निरनिराळ्या जाती-धंद्यांची माणसं, त्यांचे पोशाख, त्यांची अवजारं. एक मुलगा काचेला नाक लावून म्हणाला, "बाई, हे आमच्या आजोबांसारखं दिसतंय." तात्या आत आले असते तर त्यांनाही कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं.

आता तक्रार, आणि ती तुमच्या पानाविषयीच आहे. पानावर राणीच्या बागेला दोन तास दिलेत. त्यात पेंग्विन आहे, वाघ आहे, खाऊ आहे. म्युझियमचा फक्त फोटो आहे, वेळ नाही. शाळाही हेच करतात. रात्री दोनला पोवई नाक्यावरून बस सुटते, खंबाटकीत चौघं-पाचजण ओकतात, सकाळी भायखळा, मग म्हातारीचा बूट, तारांगण, गेटवे, चौपाटी, आणि पहाटे परत. २०१८ ला, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, मी शेवटची सहल नेली तेव्हा पेंग्विनच्या रांगेत दीड तास गेला. माझी पेंग्विनवर काही नाराजी नाही, बिचारे इतक्या लांबून आलेत. पण त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर असलेली इमारत चाळीस मुलांनी बसच्या खिडकीतून पाहिली. मी म्हटलं पाऊण तास द्या, तर सोबतचे सर म्हणाले, "बाई, पोरांना म्युझियममध्ये काय कळणार?" चमच्याची युक्ती त्यांना माहीत नव्हती.

पाऊण तास पुरतो. पंधरा मिनिटं बाहेर, हत्तीजवळ. तिथंच जवळ घोड्यावर बसलेल्या एडवर्ड राजाचा पुतळा आहे, तोच मूळचा 'काळा घोडा'. १९६५ साली फोर्टातून हलवून इथं आणला. ज्याच्या नावानं अख्खा भाग ओळखला जातो तो घोडा भायखळ्यात आणि घारापुरीचा हत्तीही भायखळ्यात, हे सांगितलं की पोरं खूश होतात. उरलेली तीस मिनिटं आत.

हे एवढं मुंबईचं कशाला, असं कुणी म्हणेल. तर आपल्याकडचंही सांगते. साताऱ्यात जुना राजवाडा आहे, सागवानी खांबांचा. तिथल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. त्याच्या समोर गोल बागेत बसून मी मुलांकडून शेकडो चित्रं काढून घेतली, त्यामुळे घरचं सोडून बाहेरचं कौतुक करते असं समजू नका. पण मध्यंतरी आपल्या भागातल्या एका बागेतली चुन्यात बांधलेली जुनी इमारत (कुठली ते लिहीत नाही, वाद नको) 'सुशोभित' झाली. भिंतींवर सिमेंटचा गिलावा, वर आमसुली ऑइल पेंट, आणि झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. माझे सासरे गवंडी होते. घाण्यात मळलेला चुना, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी, हे त्यांचं शास्त्र. ते म्हणायचे चुन्याच्या भिंतीला घाम येतो, तो वाळू द्यावा लागतो. वरून ऑइल पेंट लावला की ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात. पहिल्याच पावसाळ्यानंतर ते धरलेच. झाडाला पाणी मुरायला जागा उरली नाही, ते वेगळंच. भायखळ्याला मुलांना न्यायचं त्यासाठीही. जुनी इमारत नीट कशी करतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं पोर उद्या नगरसेवक झालं, तर निदान रंगाचा डबा उघडण्याआधी कुणाला तरी विचारेल.

तेव्हा पुढच्या अंकात फोटोओळ दुरुस्त करावी आणि जमल्यास वेळापत्रकात म्युझियमचे पाऊण तास घालावेत. सहल ठरवणाऱ्यांसाठी दोन सूचना. बाग आणि म्युझियम दोन्ही बुधवारी बंद असतात. आमची बस एकदा बुधवारी पोचली होती आणि बंद फाटकाबाहेर डबे खाऊन आम्ही पुढं निघालो होतो. दुसरी सूचना तात्यांच्या वतीनं. चप्पल घालून आत जाता येतं.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
मंगळवार पेठ, सातारा

(नाव छापू नये. माझ्या विद्यार्थ्यांना दोन कावळ्यांवरून कळेलच.)